कैलासवासींच्या आवाजात

आमच्याकडं विज्ञानकथा लिहिणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, आणि ते एका परीनं बरंच आहे. मी धाराशिवात शाळेत विज्ञान शिकवतो, आता निवृत्तीला टेकलोय, आणि गेली पंचवीस-तीस वर्षं दिवाळी अंकांसाठी वर्षाला एखादी विज्ञानकथा लिहितो. शाळेतल्या मंडळींच्या लेखी हा एक निरुपद्रवी नाद आहे. कुणाला तंबाखू असते, याला हे आहे, असं समजून ते सोडून देतात.

या कामाची एक रीत आहे. उन्हाळा सरता सरता संपादकांचा फोन येतो, पोळ्याच्या आत कथा पाठवायची, आणि अंक निघतो दिवाळीच्या तोंडावर. म्हणजे कथेतलं भविष्य मधले दोन-तीन महिने तरी टिकायला हवं. पूर्वी ते टिकायचं. तरुणपणी मी एका कथेत बोलणाऱ्याचं तोंड दिसणारा फोन लिहिला होता. तो पुढं कितीतरी वर्षं भविष्यच राहिला, लोणच्यासारखा बरणीत मुरत पडला. आताचं भविष्य दुधासारखं आहे. सकाळचं संध्याकाळी नासतं, आणि नासल्यावर आपण काय लिहून पाठवलं होतं ते आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मी एका कथेत आकाशातून औषध फवारणारं यंत्र आणलं. माझ्या कथेतल्या गावात ते यंत्र तुरीवर उतरतं तेव्हा अख्खं गाव रानात पळतं, म्हातारी माणसं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतात, कुणी नारळ फोडतं. कथा पाठवली. भादव्यात एका शनिवारी एसटीनं गावाकडं निघालो होतो, बेंबळीच्या अलीकडं गाडी जरा थांबली, आणि खिडकीतून बघतो तर सोयाबीनवर माझं यंत्र फिरतंय. शेजारच्या रानात बाया खुरपत होत्या. त्यांतल्या एकीनंही मान वर केली नाही. बांधावर एकजण फोनवर कुणाला तरी शिव्या घालत होता, कारण यंत्राची बॅटरी उतरली होती आणि दुसरी बॅटरी घेऊन येणारा चहा प्यायला गेला होता.

दिवाळीत कथा छापून आली. शाळेतल्या एका शिक्षकानं ती वाचली, हेच विशेष. मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "सर, आमच्या मेव्हण्याकडं हाय की ते. भाड्यानं देतो." मी हसलो. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. आणि घोडं मागं राहिलं याचंही मला एवढं वाटलं नसतं. माझ्या कथेतले लोक पळत रानात गेले होते, आणि खऱ्या बायांनी मान वर केली नव्हती, हे मला लागलं. माणसांना आश्चर्य वाटेल या भरवशावर मी आयुष्यभर लिहीत आलो. त्यांना ते वाटेनासं झालं तर मी नुसता बातम्या उशिरा देणारा माणूस उरतो.

म्हणून मी ठरवलं की आता असं काही लिहायचं जे मेव्हण्याकडं भाड्यानं मिळणार नाही. गेलेल्या माणसाचा आवाज, हा विषय घेतला. अर्थात तो विषय मी नुसता ठरवून घेतला असं म्हणणं खोटं ठरेल. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं थोड्याच अंतरावर. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मी शिकलो आणि नोकरीला लागलो, धाकटा भाऊ गावात राहिला आणि मेंढरं त्यानं सांभाळली. आबांचा आवाज रानातला होता. ते या टेकाडावरून हाळी द्यायचे आणि दोन रानं पलीकडची मेंढरं माना वर करायची. घरातही त्यांना हळू बोलता यायचं नाही. कुणाच्या कानात सांगायची गोष्ट आबांना सांगितली की ती वेशीपर्यंत ऐकू जायची, असं आई म्हणायची.

ते आजारी पडले तेव्हा आम्ही त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी मला आणि भावाला बाजूला घेऊन सांगितलं की दुखणं पोटात सगळीकडं पसरलंय, आता हातात फार काही नाही. आम्ही ते आईला सांगितलं. ती दवाखान्याच्या बाकावर थोडा वेळ बसून राहिली, मग तोंड धुऊन आली आणि आम्हाला म्हणाली, "त्यांला सांगायचं न्हाय. आतड्याला सूज हाय म्हणायचं. कुणी तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाय." आमच्याकडं हीच रीत आहे. दुखणाईताला सोडून सगळ्या गावाला दुखणं ठाऊक असतं.

त्याप्रमाणं आम्ही वागलो. सूज कमी होतीय, असं आई त्यांना रोज सांगायची. पुढं एका दुपारी ती डबा धुवायला नळावर गेली होती, मी उशाशी होतो, आणि आबा मला म्हणाले, "मला समजलंय. तिला म्हणू नको." मी म्हणालो, "कशाचं काय समजलंय?" ते म्हणाले, "तू मास्तर हाईस, तुला खोटं बोलाय येत न्हाय. माझं ऐक. ती माझ्यासाठी धीर धरून उभी हाय. मला समजलंय असं तिला कळलं तर ती खाली बसंल. मी जाईपर्यंत बी सांगू नको आन् गेल्यावर बी सांगू नको." आवाज इतका हलका की मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. तेवढ्यात आई डबा घेऊन आली आणि आबांनी तिला विचारलं, मेंढरांचा काही फोन आला का.

ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगायची की त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, सुखानं गेले. तिचा सगळा धीर त्या एका गोष्टीवर उभा होता. आपण काही करू शकलो नाही, पण एवढं केलं, त्यांना मरणाची भीती बाळगायला लावली नाही. मी तिच्या शेजारी बसून ते ऐकायचो आणि मान हलवायचो. भावाला मी आबांचं बोलणं कधी सांगितलं नाही. तो आईजवळ राहतो, त्याच्या तोंडून कधीतरी निसटलं असतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावाकडं राहून कथा लिहायला घेतली. शंभर वर्षांनंतरचं गाव, आणि प्रत्येक घरात गेलेल्या माणसांच्या आवाजाची एक पेटी. कोणत्या रानात काय पेरायचं ते लोक पेटीला विचारतात. कथेत एक म्हातारी होती. नवऱ्याचा आवाज पेटीतून बोलायला लागल्यावर ती पेटीपुढून उठेनाशी होते, जेवण सोडते, आणि शेवटी तिचं डोकं फिरतं. मला ते लिहिताना त्रास होत होता, म्हणजे कथा चांगली होत असावी अशी माझी समजूत होती. घरात मात्र भावाच्या मुलीच्या लग्नाची गडबड होती. तिचं लग्न ज्येष्ठात ठरलं होतं, मुलगा ईट गावाकडचा. मी वरच्या खोलीत शंभर वर्षांनंतरचं लिहायचो आणि खाली बाया कुरडया घालायच्या.

त्या दिवसांत एकदा भावानं मला विचारलं, "दादा, तुमच्या फोनवर आबाचा आवाज हाय का? माझा जुना फोन गेला की पाण्यात." मी म्हणालो, दवाखान्यातले थोडे निरोप आहेत. सोलापुरात असताना आबा गावाकडं निरोप पाठवायचे. त्यांना फोन वापरता यायचा नाही, मी तो त्यांच्या तोंडापुढं धरायचो आणि ते माझ्याकडं बघत बोलायचे. मी बरा हाय, काळजी करू नगा, मेंढरांला पाणी पाजा. आई शेजारी बसून मान हलवायची. रानातली त्यांची हाळी कुणीच कधी भरून ठेवली नव्हती. असली गोष्ट भरून ठेवावी असं आपल्याला त्या वेळी वाटत नाही. भावाला आठवण म्हणून हवे असतील असं समजून मी ते निरोप त्याच्याकडं पाठवले.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी लोहाऱ्याला जीपमधून उतरलो आणि समोर फ्लेक्स बघितला. झेरॉक्स, पत्रिका, फ्लेक्स असं सगळं करणारं ते नेहमीचं दुकान. वरच्या बाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कैलासवासींच्या आवाजात आमंत्रण, नमुना ऐकून खात्री करा. मी रस्त्यातच उभा राहिलो. मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता. माझं शंभर वर्षांनंतरचं गाव लोहाऱ्याच्या स्टँडपुढं उघडं पडलं होतं, आणि त्याचा नमुनासुद्धा ऐकायला मिळत होता. मला राग यायला हवा होता, पण एवढंच वाटलं की बरं, हेही झालं. मग माझ्या लक्षात आलं की भावानं निरोप कशासाठी मागितले होते.

घरी येऊन त्याला विचारलं तर तो लपवत नव्हताच. उलट मलाही आनंद होईल असं त्याला वाटत होतं. म्हणाला, "आबा म्हणायचे न्हवं का, पोरीच्या लग्नाचं बोलावणं म्या सोता दारोदार जाऊन करणार. त्यांची लई हौस होती. आता त्यांच्याच आवाजात बोलावणं जाईल. दादा, तुमीच असलं कायतरी लिव्हता की." त्याचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आमच्याकडं घरातल्या थोरल्यानं तोंडानं बोलावलं नाही तर सोयरे रुसतात, आणि नात आबांच्या अंगाखांद्यावर वाढली होती.

मी त्याला एवढंच म्हणालो की आईला ऐकवू नको.

"का?"

का ते मला सांगता येईना. माझ्या कथेतल्या म्हातारीचं डोकं फिरतं, असं त्याला काय सांगणार? आणि दुसरं कारण तर सांगायचंच नव्हतं. आबांचा आवाज परत घरात आला, तर त्या आवाजाबरोबर आणखी काय वर येईल याची मला भीती होती. दवाखान्यातले दिवस आईच्या मनात एका ठरलेल्या पद्धतीनं बसले होते आणि ते हलवायचे नव्हते. मी म्हणालो, "तिला त्रास होईल."

"त्रास कशाचा? तिला तर पयल्यांदा ऐकवणार," भाऊ म्हणाला.

रविवारी सकाळी आई ओसरीवर लग्नाचे गहू निवडत होती. भावजय तिच्यासमोर सूप घेऊन बसली होती. भाऊ लोहाऱ्याहून आला, चपला काढायच्या आधीच फोन काढला, आणि आवाज मोठा करून गव्हाच्या ढिगाशेजारी ठेवला. आधी सनई वाजली. मग आबा बोलायला लागले.

आवाज त्यांचाच होता. हे मान्य करायला मला आजही जड जातं, कारण मी असले आवाज कागदावर इतकी वर्षं केलेत आणि त्यांत कुठंतरी पत्र्याचा खणखणाट ठेवलाय, वाचकाला यंत्र आहे हे कळावं म्हणून. इथं खणखणाट नव्हता. आबा म्हणाले, "मी कैलासवासी," आणि पुढं त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका सांगितला. "आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, माझी नात चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी," आणि नातीचं नाव. दुकानदारानं छापील पत्रिका जशीच्या तशी यंत्रात घातली होती आणि यंत्रानं ती इमानानं वाचली होती. आमच्याकडच्या पत्रिकांत विधवेच्या नावाआधी अजून गंगाभागीरथी छापतात. तेही आलं. "माझी पत्नी गंगाभागीरथी," असं म्हणून आबांनी आईचं नाव घेतलं.

भावजयीनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. सासऱ्यानं जन्मात सासूचं नाव घेतलं नव्हतं. मला मात्र एकाच वेळी हसू आणि शिसारी आली. माझ्या एकाही कथेत मेलेल्या माणसानं स्वतःला कैलासवासी म्हणवून घेतलं नव्हतं. मला ते सुचलंच नसतं. यंत्र काय करील याचा अंदाज मी बांधत आलो, पण आपली माणसं त्या यंत्राच्या तोंडात लग्नाची पत्रिका कोंबतील, आणि नवऱ्याच्याच तोंडून बायकोला विधवा म्हणवतील, आणि यात वावगं काही आहे असं दुकानदाराला, भावाला, कुणालाच वाटणार नाही, हे कुठल्या डोक्यातून काढायचं? 

आईचा हात गव्हात तसाच थांबला होता. आवाज संपला, पुन्हा सनई वाजली, भावानं फोन बंद केला. आई म्हणाली, "कुणी सांगितलं त्यांला?"

"काय?" भाऊ म्हणाला.

"गेल्याचं."

भावाला वाटलं ती गोंधळली. तो समजावायला लागला, "आई, ते मशिन हाय. पत्रिकेत जसं हाय तसं वाचलंय त्यानं."

"मशिन हाय ते म्हाईत हाय मला. मी काय येडी न्हाय," आई म्हणाली. "पर आवाज तर त्यांचाच घातलाव न्हवं? त्यांच्या तोंडी ते घालायचं न्हाय. त्यांला त्यातलं काय बी म्हाईत नव्हतं."

असं म्हणताना ती माझ्याकडं बघत होती. मी खाली बघून गव्हातला एक खडा उचलला आणि अंगणात टाकला. मला वाटलं, हिनं आता मला सरळ विचारलं तर मी काय करणार आहे? आबा म्हणाले होते ते खरंच होतं, मला खोटं बोलायला येत नाही.

तिनं विचारलं नाही. म्हणाली, "तू लिव्हतूस न्हवं? मग तू लिहून दे काय म्हणायचं ते."

मी वर जाऊन लिहायला बसलो. शंभर वर्षांनंतरचे कागद बाजूला सारले आणि आबांचं बोलावणं लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. त्यात मेंढरं होती, टेकाड होतं, नातीला खांद्यावर घेऊन जत्रेला नेल्याचं होतं. खाली येऊन वाचून दाखवलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं कुठं बोलायचे ते. मी सांगते तसं लिही."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. "माझ्या नातीचं लगीन हाय. समद्यांनी या. लेकरं घिऊन या. जेवल्याबिगर कुणी जायाचं न्हाय."  मग तिनं आणखी घातलं, "मला बरं वाटायलंय आता. माझी काळजी करू नगा."

"आई, गेलेला माणूस बरं वाटायलंय असं कसं म्हणंल?" भाऊ म्हणाला.

"मग कैलासवासी कसं म्हणतोय?"

 मी ते तसंच लिहिलं.

दुपारी भावाच्या मोटारसायकलवरून आम्ही लोहाऱ्याला गेलो. दुकानात फ्लेक्सच्या गुंडाळ्या, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि एक तरुण दुकानदार. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, "असं आजवर कुणी मागितलं न्हाय. समदे पत्रिकाच वाचाय लावतेत." मी म्हणालो, आमच्या घरची इच्छा आहे. त्यानं खांदे उडवले आणि टाइप करायला लागला. मध्ये त्याला कुणाच्या तरी साखरपुड्याचा फोन आला, तो एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं टाइप करत राहिला. मी आयुष्यभर जो क्षण लिहायचा प्रयत्न केला, मेलेला माणूस बोलायला लागण्याचा, तो क्षण असा होता. त्यात दुकानदार साखरपुड्याच्या फ्लेक्सची लांबी-रुंदी विचारत होता.

तिथं खुर्चीवर बसलो असतानाच संपादकांचा फोन आला. यंदाचं काय, म्हणून. मी म्हणालो, यंदा माझ्याकडं काही नाही. ते म्हणाले, "असं कसं, तुमच्याशिवाय भविष्याचं कोण लिहिणार? काहीतरी लांबचं घ्या, दोन-तीनशे वर्षांपुढचं." मी म्हणालो, बघतो. लांबचं घेतलं म्हणून ते लांब राहतं असा अनुभव नाही, पण हे त्यांना फोनवर कुठं समजावत बसायचं. शंभर वर्षं मी घेऊन बघितली होती. खरं म्हणजे तेव्हा मला एवढंच हवं होतं की घरी जाऊन ओसरीवर आडवं व्हावं आणि कुणी काही विचारू नये.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. भाऊ मेंढरं आणायला रानाकडं गेला, भावजय चुलीपाशी होती. आई अजून गव्हापाशीच बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि फोनवर तो नवा आवाज लावला. या वेळी सनई नको असं मी दुकानदाराला सांगितलं होतं.

आबा म्हणाले, माझ्या नातीचं लगीन हाय. समद्यांनी या. लेकरं घिऊन या. जेवल्याबिगर कुणी जायाचं न्हाय. मला बरं वाटायलंय आता. माझी काळजी करू नगा.

 मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. माझ्या कथेतली म्हातारी अशा वेळी पेटीला मिठी मारते. आईनं सुपातले चार गहू हातात घेतले, बघितले, परत टाकले.

"दवाखान्यात असंच बोलायचे," ती म्हणाली.

"तिथलेच निरोप दिलेत आपण त्याला. दुसरा आवाज कुठं होता?"

"व्हय. असाच बारीक आवाज लागायचा त्यांचा, खोटं बोलताना." ती सहज बोलत होती, गव्हाबद्दल बोलावं तशी. "रानात कवा असा नव्हता. तू फोन धरायचास आन् ते बरा हाय म्हणायचे, तवाच मला वळखू यायचं. ह्या माणसाला समदं कळलंय आन् माझ्यासाठी झाकायलाय. मग मी बी झाकलं."

माझ्या हातातला फोन मी खाली ठेवला.  भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती काय सांगायची ते मी तिच्या शेजारी बसून ऐकलं होतं, आणि आत्ता सकाळीसुद्धा ऐकलं होतं.

"तुला सांगितलं हुतं त्यांनी?" आईनं विचारलं.

"हो."

"आन् मला सांगू नको म्हणले."

मी मान हलवली.

"मी बी तुला तेच म्हणले हुते, त्यांला सांगू नको म्हणून." तिनं गव्हाच्या धुळीनं माखलेला हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "दोघांचं बी ऐकलंस. लई दमला असशील लेकरा."

मी साठीला आलेला माणूस. ओसरीवर तिच्या शेजारी बसून मी रडलो, आणि ती माझ्या डोक्यावरचा हात न काढता, दुसऱ्या हातानं गहू निवडत राहिली.